मला सूर नाही, तरी उय्यालो

"मॅडम, तुम्हाला गाता येत नाही, तेलुगू वाचता येत नाही. मग बतुकम्माला रजा टाकून काय करता?" दसऱ्याआधी शिक्षकखोलीत हे कुणीतरी विचारतंच. यंदा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बतुकम्मा म्हणजे आम्हा तेलुगू बायांचा सण: फुलांच्या थरांची बतुकम्मा रचायची आणि तिच्याभोवती फेर धरून गायचं.

पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. माझी शाळा मराठी, म्हणून वहीतली गाणी तेलुगू आणि अक्षरं देवनागरी. अर्थ निम्माच कळतो. पण बतुकम्मात एक बाई ओळ सांगते, प्रत्येक तुकड्याला बाकीच्यांनी 'उय्यालो' म्हणायचं. उय्याला म्हणजे झोका. तेवढं कुणालाही येतं की! गेल्या वर्षी शेजारच्या कानडी मावशी बघायला आल्या होत्या, दुसऱ्या फेरीला रिंगणातच होत्या.

अम्मा विड्या वळायची. मजुरी हजारावर. वळलेल्यातल्या कितीही बाद म्हणून काढल्या तरी तिच्या तोंडून शब्द निघत नसे; बोललं तर उद्या खराब पानं मिळायची. तीच अम्मा बतुकम्माभोवती पुढे असायची. तरवड, झेंडू थरावर थर, शेंड्याला हळदीची गौरम्मा, आणि ही वाकून टाळी देत ओळ सांगणार. एका वर्षी तिनं जुन्या गाण्यात आपलंच घातलं: पानं फाटकी आली उय्यालो, सूप भरेना उय्यालो. रिंगण क्षणभर अडखळलं. मग सगळ्या बाया, उय्यालो! लगेच पलीकडून दुसरीची ओळ आली: मोजणाऱ्याला बोटं जास्त उय्यालो. हे कोण म्हणालं, असं दुसऱ्या दिवशी विचारणार कुणाला? सगळ्याच म्हणाल्या होत्या.

आता यावरून गाण्यानं एकी होते वगैरे मी म्हणणार नाही. त्याच बाया सकाळी नळावर भांडतात. मजुरीही गाण्यानं वाढली नाही. 2006 साली सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांना 10,000 घरं मिळाली, ती लाल बावट्याच्या मोर्च्यांमुळे, वर्षानुवर्षं रेटल्यामुळे. एवढंच, की मोर्चाला एकटी बाई निघत नाही. शेजारणीला हाक मारते, मग निघते. अम्मा ज्यांना हाक मारायची त्यातल्या बऱ्याच जणी रिंगणातल्याच.

आता तिला वाकवत नाही. खुर्चीवर बसून टाळी देते, तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं तशीच. माझा ठेका चुकला की तिथूनच ओरडते, "अगं, उय्यालो तरी नीट म्हण की!"