तुम्ही विचारलंत म्हणून : मिउरांनंतरचं ‘बर्सर्क’ वाचावं का?

‘बर्सर्क’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचणारं कुणी भेटलं की गप्पा कुठूनही सुरू होवोत, शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. माझ्याकडे पेन-शाईचं काम शिकायला येणारी मुलं तो विचारतात, पुस्तक-प्रदर्शनात ओळख झालेले वाचक विचारतात, आणि आता तुम्हीही विचारलंत: ती लिहिणारे-काढणारे केंतारो मिउरा तर गेले, मग सध्या जे येतंय ते ‘बर्सर्क’ खरं मानायचं का? वाचावं, की ते जिथे थांबले तिथेच आपणही थांबावं? ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही त्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. गोष्ट पुरी होईल याची खात्री नसेल, तर चाळीसच्या वर खंड हातात घ्यायचेच कशाला?

माझं उत्तर सरळ आहे. वाचा. मात्र मिउरांचं म्हणून वाचू नका, एका मित्रानं दिलेली साक्ष म्हणून वाचा. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

ज्यांना ही मांगा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गट्स नावाचा एक भाडोत्री सैनिक, माणसाएवढी उंच तलवार घेऊन फिरणारा. ग्रिफिथ हा त्याचा एकेकाळचा सेनापती, ज्यानं स्वतःच्या स्वप्नापायी सगळ्या सोबत्यांचा बळी दिला. आणि कास्का, त्या घातातून जिवंत सुटलेली, पण भान हरपलेली. १९८९ साली ‘ॲनिमल हाउस’ मासिकात ही मालिका सुरू झाली आणि १९९२ पासून ‘यंग ॲनिमल’मध्ये येऊ लागली. मिउरा रेषेच्या बाबतीत कधीच तडजोड करत नसत. चिलखताची एकेक कडी, घोड्याच्या मानेवरचा घाम, जंगलातल्या झाडाची साल, सगळं काढायचं. त्यामुळे मासिकात मध्येमध्ये विराम येत, आणि ते पुढेपुढे लांबत गेले. गट्सची मंडळी एल्फांच्या बेटाकडे निघाली तेव्हा ती वर्षानुवर्षं बोटीवरच अडकून होती, आणि जगभरचे वाचक त्यावरून चेष्टा करत. ६ मे २०२१ रोजी हृदयाची महाधमनी फाटून मिउरा गेले. वय ५४. प्रकाशक हाकुसेन्शानं दोन आठवड्यांनी बातमी जाहीर केली आणि चेष्टा एका दिवसात थांबली.

त्यांचं अखेरचं प्रकरण, ३६४वं, त्याच वर्षी सप्टेंबरात ‘यंग ॲनिमल’मध्ये आलं. राहिलेलं काम त्यांच्या स्टुडिओतल्या सहाय्यकांनी पुरं केलं होतं. या प्रकरणाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

पौर्णिमेच्या रात्री एक मुका लहान मुलगा गट्स आणि कास्काकडे येत असतो. त्या रात्रीही येतो. कास्का आता भानावर आलेली आहे, पण गट्सकडे पाहिलं की जुना घात डोळ्यांसमोर उभा राहतो, म्हणून ती त्याच्या जवळ जाऊ शकत नाही. त्या पोरामुळे मात्र ती रात्र तिघांची होते. एखाद्या साध्या कुटुंबाची वाटावी अशी रात्र, आणि तीसुद्धा ‘बर्सर्क’मध्ये! पहाटे पोरगा निघतो. गट्स त्याच्या मागे जातो, आणि त्याच्यासमोर त्या पोराचा ग्रिफिथ होतो. ग्रिफिथच्या डोळ्यांत पाणी आहे. ज्याला काहीच वाटत नाही असं आपण कितीतरी खंड धरून चाललो होतो, तो रडतोय. ते पान मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा गोष्टीबद्दल बोलत नाही, फक्त गाल आणि पापणीच्या मधली कोरी जागा बघा म्हणतो. इतकी वर्षं काळ्याकुट्ट रेघाट्यांनी पानं भरणाऱ्या माणसानं तिथे कागद जवळजवळ मोकळा सोडलाय.

आणि इथे हात थांबला. दोन माणसं समोरासमोर, एकाच्या डोळ्यांत पाणी, दुसरा थिजलेला. पुढे काय? मिउरांनी पुढची पूर्ण पटकथा लिहून ठेवली होती, असं काही समोर आलं नाही. शेवटापर्यंतची गोष्ट होती ती एका माणसाच्या डोक्यात.

तो माणूस म्हणजे कोजी मोरी. मिउरांचा शाळेपासूनचा मित्र, स्वतःही मांगाकार, ‘होलीलँड’ त्यांचीच. जून २०२२ मध्ये ‘बर्सर्क’ पुन्हा सुरू होणार असं जाहीर झालं तेव्हा मोरींनी एक निवेदन लिहिलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. सुमारे तीस वर्षांपूर्वी मिउरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. ग्रहणाचा भाग काढायचा होता, म्हणजे सोबत्यांचा बळी जातो तो. मोरी नेहमीसारखे गप्पा मारायला म्हणून गेले, आणि मिउरांनी त्यांना आठवडाभर सोडलंच नाही. त्या आठवड्यात मित्राशी बोलता बोलता मिउरांची गोष्ट अगदी शेवटापर्यंत उभी राहिली. मोरी म्हणतात, तेव्हापासून ती फारशी बदललीच नाही, आणि तो शेवट ठाऊक असलेला माणूस आता जगात मी एकटाच आहे.

मोरींना वाटलं असतं तर त्यांनी एखादी लांबलचक मुलाखत देऊन सगळं सांगून टाकलं असतं. तो पर्याय त्यांच्याही मनात येऊन गेला होता. पण मिउरांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी, स्टुडिओ गागाच्या चित्रकारांनी, आम्ही काढतो म्हणून सांगितलं. आता मी मागे हटलो तर, अरे, तुला एवढं सगळं सांगितलं आणि तू काहीच करणार नाहीस का, असं मिउरा मला सुनावेल, असं मोरींना वाटलं. मग त्यांनी स्वतःला अटी घालून घेतल्या. मिउरांनी मला सांगितलं तेवढंच येईल. मी त्यात भर घालणार नाही. नीट आठवत नाही ते घेणार नाही. हे पूर्ण रूप नसेल, पण मिउराला जी गोष्ट सांगायची होती ती बहुतांशी पोचवता येईल.

या अटींमुळेच मी नंतरचं ‘बर्सर्क’ वाचतो. त्या नसत्या तर बहुधा वाचलं नसतं.

लेखक गेल्यावर मांगा चालू राहणं ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या शिनचानचे जनक योशितो उसुई २००९ मध्ये डोंगरावर फिरायला गेले असताना कड्यावरून पडून गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी मालिका पुन्हा सुरू केली. डोरेमॉनचे फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, तेव्हा हातातली मोठी कथा सहाय्यकांनी पुरी केली. ताकाओ साइतो मिउरांच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये गेले. त्यांची ‘गोल्गो १३’ १९६८ पासून चालू आहे, आणि माझ्यानंतरही चालू ठेवा असं ते सांगूनच गेले होते. त्यांच्या स्टुडिओत कामाची वाटणी आधीपासूनच होती, त्यामुळे गाडी थांबलीच नाही. पण नीट बघा, या सगळ्या प्रसंगा-प्रसंगाच्या गोष्टी आहेत. शिनचान पाच वर्षांचाच राहतो, गोल्गोला नवी कामगिरी मिळते. तिथे पुढचा भाग म्हणजे आणखी एक भाग. ‘बर्सर्क’ पहिल्या पानापासून एका टोकाकडे निघालेलं आहे: गट्स आणि ग्रिफिथ यांचा हिशेब कसा मिटणार? ते टोक चुकलं तर मागचे सगळे खंड वेगळे वाटायला लागतील. म्हणून इथे चांगला चित्रकार असून भागत नाही, टोक माहीत असलेला माणूस लागतो.

आणि तसा माणूस नसेल तर थांबणंच बरं, याचेही दाखले जपानात आहेत. मांगाकार ओसामू तेझुका फेब्रुवारी १९८९ मध्ये गेले, म्हणजे ‘बर्सर्क’ सुरू झालं त्याच वर्षी. त्यांच्या ‘निओ फाउस्ट’ आणि ‘लुडविग बी’ या मांगा जिथे त्यांचा हात थांबला तिथेच संपतात, तशीच छापली जातात, आणि कुणाला ती पुरी करावीशी वाटली नाहीत ही चांगली गोष्ट झाली. ‘हायस्कूल ऑफ द डेड’चे लेखक दाइसुके सातो २०१७ मध्ये गेले. चित्रकार हयात होते, काढू शकत होते, तरी गोष्ट तिथेच राहिली.

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच मनापासून सांगतो, कारण नवे भाग वाचताना काय हरवलंय ते मला पानापानावर दिसतं. मिउरा काढता काढता शोधत. ग्रहणाच्या भागातलं, मासिकात आलेलं ८३वं प्रकरण त्यांनी पुस्तकात घेऊ दिलं नाही. त्यात या जगाच्या मुळाशी काय आहे ते फार उघड झालं होतं, आणि पुढची गोष्ट त्यात अडकेल असं त्यांना वाटलं. स्वतः काढलेली, छापून आलेली पानं मागे घेणारा माणूस! तीस वर्षांपूर्वी सांगितलेल्या शेवटातही त्यांनी ऐन वेळी काय बदललं असतं ते मोरींना सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. शेवट तोच राहिला असता, पण तिथवर जाताना वाटेत कोण भेटलं असतं, कुठलं पात्र अचानक मोठं झालं असतं, ते गेलं. मोरी भर घालणार नाहीत म्हणतात, त्याची किंमत ही अशी आहे.

चित्रांतही फरक आहे. निसर्ग, वास्तू, राक्षस यांत गागाची मंडळी कुठेच कमी पडत नाहीत. धुरळा उडवणारी दोन पानी चित्रं बघितली तर नाव झाकून ओळखणं कठीण. फरक चेहऱ्यात आहे, त्यातही गट्सच्या. मिउरांचा गट्स चिडलेला असताना त्याच्या भुवईखाली एक भीती असायची, दहा वर्षांच्या पोराची. ती दोन-तीन तिरप्या रेषांत यायची. नव्या पानांवर तो चिडतो तेव्हा चिडलेलाच असतो. शब्दही कमी झालेत, आणि ते मला पटतं. जे बोलणं मोरींना आठवत नाही ते त्यांनी पात्रांच्या तोंडी घातलं नाही, तर पानं मुकी राहणारच. हा आळस आहे अशी तक्रार करणारे भेटतात. मला त्यात दिलेला शब्द पाळलेला दिसतो. आपल्याकडे गुरूंकडून मिळालेली बंदिश शिष्य मैफलीत मांडतो तेव्हा गळा त्याचा असतो आणि आपण तो तसाच ऐकतो, गुरूचा गळा का नाही म्हणून उठून जात नाही.

नव्या भागांवर श्रेय कसं छापतात तेही पाहण्यासारखं आहे. मूळ कथा केंतारो मिउरा, चित्रं स्टुडिओ गागा, देखरेख कोजी मोरी. कोण काय करतंय ते वाचकाला आधीच सांगितलेलं आहे. फसवणूक झाली म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. मिउरांनी मध्येमध्ये काम थांबवलं नसतं तर हे झालंच नसतं, असं काही वाचक सहज बोलून जातात. ज्या रेषांवर आपण जीव टाकतो त्या त्या सावकाशीतूनच आल्या. भरभर काढलेलं ‘बर्सर्क’ कदाचित पुरं झालं असतं, पण मग त्याच्या अपुरेपणाचं दुःख करायला आपण आज इथे बसलो नसतो. हीच मंडळी ‘हंटर × हंटर’च्या योशिहिरो तोगाशींच्या मागे लागलेली असतात. तोगाशी पाठीच्या दुखण्यानं वर्षं-वर्षं काम करू शकत नाहीत. २०२३ मध्ये त्यांनी एका टीव्ही कार्यक्रमाला, मी मध्येच गेलो तर म्हणून, मनात असलेल्या शेवटांपैकी एक लिहून पाठवला. हयात माणसाला असं करावंसं वाटलं, यात आपल्या घाईचा वाटा नाही असं मला म्हणवत नाही.

तर तुम्ही वाचायचं ठरवलंत तर माझं ऐका आणि ४१वा खंड संपल्यावर लगेच पुढचा उघडू नका. ३६४व्या प्रकरणावर आठ-पंधरा दिवस थांबा. मिउरांनी स्वतःच्या हातानं दिलेली गोष्ट तिथे संपते, आणि जपानी वाचकांनी त्या जागी नऊ महिने काढलेत. पुढे काय होईल याचा तुमचा तुम्ही विचार करा, हवं तर कागदावर लिहून काढा. मग ४२वा घ्या. सुरुवातीची सहा प्रकरणं बेटाचा भाग पुरा करतात, मिउरा ज्याच्या मध्यात होते तो. नवी वाट त्यानंतर लागते. तिथवर पोचलात की तुमचं तुम्हालाच कळेल पुढे जायचं की नाही.

ज्यांनी सुरुवातच केलेली नाही त्यांनी शेवटाची काळजी सोडून पहिला खंड घ्यावा. गट्सच्या बालपणापासून ग्रहणापर्यंतची गोष्ट चौदाव्या खंडाच्या आत पुरी होते. ती अपुरी नाही, आणि मिउरांनी त्यानंतर काहीच काढलं नसतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं.

आणि उद्या मोरी म्हणाले की इथून पुढचं मला नीट आठवत नाही, म्हणून हा भाग गाळतोय, तर तो गाळलेलाच असू द्या. मला तो भाग दुसऱ्या कुणाच्या कल्पनेतून भरून नकोय.