तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारची पवनचक्की फिरते, मग हीच का थांबली?

पट्टा किल्ल्यावर जाऊन आलेले नाशिककर हमखास विचारतात, "एवढा वारा होता, तरी मधल्याच दोन-तीन पवनचक्क्या ठप्प का? कर वाचवायला उभ्या करून सोडून दिल्यात का?" तशाही असतात. पण आधी पाती बघा.

चालू मशीनची पाती वाऱ्याला रुंद बाजू देतात. थांबवलेल्या मशीनची पाती मुळाशी जवळजवळ 90 अंशांत वळतात आणि धार वाऱ्याकडे येते. अशी मशीन बहुधा पुरती थांबत नाही, रेंगाळत एखाद-दुसरा फेरा घेत राहते. हे मुद्दामच. ब्रेक लावून दिवसचे दिवस जखडून ठेवली, तर बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी थरथरून खड्डे पाडतात. पाती धारेवर आणि फेरे संथ दिसले, तर ती बहुतेक वाऱ्याची वाट बघतेय.

पण वारा तर होता! तो तुमच्या टोपीला होता. मशीन सुरू व्हायला सेकंदाला साधारण 3 मीटर, म्हणजे ताशी 11 किलोमीटर वारा लागतो. तोही तिच्याच डोक्यावरच्या (म्हणजे टॉवरच्या माथ्यावरच्या पेटीवरच्या) वातमापकाला, काही मिनिटं टिकून. कड्याच्या तोंडावरच्या मशीनला तो मिळतो. मागच्या ओळीच्या वाट्याला येतो पुढच्या पात्यांतून निघालेला उष्टा वारा, मंदावलेला आणि घुसळलेला. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली शक्ती आठवा हिस्सा उरते. म्हणून दोन ओळींत पात्यांच्या चक्राच्या व्यासाच्या पाच-सातपट अंतर ठेवायचं असतं. डोंगरावर जागेपायी ते नेहमी जमतंच असं नाही. कधी वातमापकच अडकतो. मग वारा सुसाट असला तरी मशीनच्या लेखी तो शून्य!

उलट, सेकंदाला 25 मीटरच्या आसपास वारा गेला की बहुतेक मशीन जिवाच्या भीतीने स्वतःहून थांबतात.

आणखी एक कारण खालून कधीच कळत नाही. वारा फिरेल तसं मशीनचं डोकं वळतं आणि टॉवरमध्ये लोंबणाऱ्या केबलला पीळ बसतो. एकाच दिशेने दोन-तीन वेढे झाले की मशीन थांबते आणि पीळ सोडवायला उलटी वळते. डोकं अगदी सावकाश फिरतं, एका वेढ्याला दहा-वीस मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ शेजारीण फिरतेय आणि ही नुसतीच मान वळवतेय.

डोकं भलत्याच दिशेला असेल तर मात्र शंका घ्या. ते वळवणाऱ्या मोटारींना बाहेरून वीज लागते. ओळच्या ओळ अशी दिसली तर त्या ओळीला जोडणारी 33 केव्हीची वीजवाहिनी (फीडर) बंद पडली असेल. एकटीच महिनोन्‌महिने तशी असेल, टॉवरवर तेलाचे ओघळ असतील, तर तुमचा संशय खरा असू शकतो. एके काळी पहिल्याच वर्षी किमतीच्या 80 टक्के घसारा, म्हणजे करपात्र नफ्यातून वजावट, मिळायचा, त्यासाठी पुष्कळांनी पवनचक्क्या घेतल्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2003 सालच्या पवनवीज दरआदेशातले वीजखरेदी करार 13 वर्षांचे होते. ते संपल्यावर जुन्या, लहान मशीनचा मोठा खर्च मालकाला परवडेनासा झाला.

तीन पात्यांपैकी एक नेमकं खाली, पायथ्याशी जीप आणि दार उघडं, म्हणजे आत माणसं आहेत. पाती बसवलेल्या चाकात शिरण्याआधी ते पिन घालून जखडावंच लागतं. नेमाची सर्व्हिसिंग पावसाळ्याआधी किंवा नंतर उरकतात, कारण जून ते सप्टेंबर हाच इथला कमाईचा हंगाम. सेन्सर किंवा पाती वळवायला ठेवलेल्या बॅटऱ्या गेल्या तर काम लवकर आटोपतं. गिअरबॉक्स गेला तर मोठी क्रेन हवी. पावसात पठाराचा मुरूम रस्ता तिचं वजन पेलत नाही, आणि भर वाऱ्यात उंचावर ओझं उचलता येत नाही. त्यामुळे जुलैत गेलेला गिअरबॉक्स बदलायला कधी कधी दिवाळी उजाडते.