अजगरानं दखल न घेणं

कोल्हापुरात माणसाची दखल जोरात घेतात. उंबऱ्यात पाऊल पडायचा अवकाश, "जेवल्याबिगर जायचं न्हाई" होतं आणि तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या पुढ्यात येतात. अशा गावात माझ्या भाच्यानं एक जनावर पाळलंय, आणि त्यानं आपली दखल घेऊ नये म्हणून आख्खं घर झटतंय.

बॉल पायथन जातीचा अजगर. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आपला देशी अजगर घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हा परदेशी चालतो, पण सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद लागते. भाच्यानं ती केलीय, आणि भुवया उंचावणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला मोबाइलवर दाखवलीय.

मोठेपणी ही जात लाजाळू. घाबरला की डोकं मधे दडवून अंगाचा चेंडू करतो, नाव त्यावरूनच पडलं. पिल्लाचं मात्र तसं नाही. अंगठ्याएवढं जाड, पण मान वळवून फुसकारतं आणि हात दिसला की झेप घेतं. त्याचंही चूक नाही म्हणा. रानात त्याच्याहून मोठं जे जे दिसतं, त्यातलं बरंचसं त्याला गिळायलाच आलेलं असतं. विष नाही, चावलं तर करवंदीच्या जाळीत हात गेल्यासारखे ओरखडे उठतात. दात आतल्या बाजूला वळलेले, म्हणून हात हिसडला की कातडी जास्त फाटते. "आत्या, चावला तरी हात मागं घ्यायचा न्हाई," भाच्यानं बजावलं. बजावणाऱ्याचं काय जातंय!

आफ्रिकेचा पाहुणा कोल्हापूरला नवा नाही. संस्थानी काळात इथं शिकारीसाठी चित्ते पाळत, पुढं ते आफ्रिकेहूनही आणले गेले. चित्ता माणसाळवायची आपल्याकडची रीत म्हणजे डोळ्यांवर टोपी चढवायची, खाटेवर बांधायचं आणि माणसांच्या गलबल्यात ठेवायचं. अजगराला टोपी घालून भागत नाही. त्याच्या ओठांवरच्या बारीक खाचांना ऊब कळते, त्यामुळे मिट्ट काळोखातही तुमचा हात त्याला सापडतो. आणि चित्त्याला शिकारीनंतर मांसाचा वाटा तरी मिळे. अजगराला तुमच्याकडून काय हवंय? आठवड्याला एक उंदीर, तोही चिमट्यानं दिला तरी त्याची तक्रार नसते.

म्हणजे लाच चालत नाही, लाडीगोडी कळत नाही. उरतो कंटाळा. आधी काही दिवस त्याला हातच लावायचा नाही; त्याच्या पेटीत आपला अंगावरचा जुना टी-शर्ट टाकून ठेवायचा, वास ओळखीचा होऊ द्यायचा. मग साबणानं हात धुवायचे, कारण बोटांना उंदराचा वास राहिला तर ती बोटं उंदीरच ठरतात. वरून हात न्यायचा नाही, वरून येते ती घार. बाजूनं जायचं, साप हाताळायच्या आकड्यानं अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे आज जेवण नाही हे त्याला समजतं. मग पोटाखाली दोन्ही हात घालून उचलायचं आणि काहीही करायचं नाही. फुसकारा चालू असताना खाली ठेवलं तर फुसकारल्यावर सुटका होते हे तो पक्कं शिकतो. म्हणून शांत होईतो थांबायचं, मग ठेवायचं. खाल्ल्यावर दोन दिवस सुट्टी, नाहीतर उंदीर बाहेर. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, त्याला धड दिसत नाही, तेव्हाही सुट्टी.

सगळ्यात अवघड जातं ते काहीही न करणं. आमच्या घरात हे कुणाला जमेल असं मला वाटलं नव्हतं. दादा गप्प बसले की वहिनी त्यांना ताप आलाय का बघतात. पण हळूहळू झेपा कमी झाल्या, मग फुसकारेही. आता तो माझ्या मनगटावरून असा जातो की मनगट म्हणजे वाटेतली फांदी. जीभ बाहेर काढतो, वास घेतो, पुढं सरकतो. "बघ, ओळखाय लागला तुला," शेजारच्या काकू कौतुकानं म्हणतात. छे हो. त्यानं मला धोक्यांच्या यादीतून खोडलं, एवढंच. त्या यादीतून निघायला मी जेवढी खपले, तेवढी कुणाच्या मर्जीत बसायला कधी खपले नव्हते.

वहिनींची चिंता निराळी. हे प्राणी वीस-तीस वर्षं सहज जगतात, आणि भाच्याला सध्या स्थळं बघताहेत. वहिनी म्हणतात, बायोडेटात एवढं लिहायला नको, मुलगी घरी आली की बघेल. दादांचं म्हणणं, शिक्षणाच्या वर पहिल्या ओळीत छापा, निम्मा पत्रव्यवहार वाचेल.