तुंतांग: यान्सेन्सच्या माघारीचा रस्ता

इंडोनेशियात मध्य जावाच्या किनाऱ्यावरच्या सेमारांगहून तुंतांगला जायचं असेल तर रेल्वेच्या भानगडीत पडू नका. तुंतांगची जुनी हेरिटेज गाडी फक्त आंबारावापासून सुटते; सेमारांगहून तिकडे रेल्वेनं जाता येत नाही. तावांग स्टेशनावरून बावेनची ट्रान्स जातेंग बस धरा. टोल रोडनं लवकर पोचाल, पण मग सगळं हुकलंच. कारण जातिंगालेह, स्रोन्दोल, उंगारान हा बसचा जुना रस्ता म्हणजेच १८११मध्ये इंग्रजांपुढून हटलेला जावाचा गव्हर्नर-जनरल यान विलेम यान्सेन्स याच्या माघारीची वाट.

हॉलंड १८१० साली नेपोलियननं गिळलं आणि हॉलंडची वसाहत असलेल्या जावावर फ्रेंच झेंडा लागला. मे १८११मध्ये यान्सेन्सनं डेंडेल्सकडून गव्हर्नर-जनरलपदाचा कारभार घेतला. ४ ऑगस्टला इंग्रज चिलिंचिंगला उतरले, २६ला मेस्टर कॉर्नेलिसची तटबंदी पडली. ती जागा म्हणजे जकार्तातलं आजचं जातिनेगारा. लढाईच्या खुणा शोधायला तिथं दिवस घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्रोन्दोलची गोष्ट वेगळी. मेस्टर कॉर्नेलिस पडल्यावर यान्सेन्स हटत इथं येऊन ठाकला. जातिंगालेहनंतर बस खालच्या गिअरवर येते, इंजिन घरघरतं, किनाऱ्याचं सपाट शहर मागे खाली राहतं. वर तोफा आणि खालून चढणारं सैन्य, हे चित्र खिडकीतून आपोआप उभं राहतं. बचावाला याहून चांगली जागा कुठली मिळणार? तरीही १६ सप्टेंबरला ती गेली. कसलेली पलटण मेस्टर कॉर्नेलिसलाच संपली होती. उरली ती मुख्यतः सुराकार्ता आणि योग्याकार्ताच्या दरबारांची कुमक, आणि ती मारा सुरू होताच पांगली. उंगारानलाही टिकाव लागला नाही. १८ला तुंतांगला करार झाला: जावा, पालेम्बांग, तिमोर, मकास्सार इंग्रजांकडे, सैन्य युद्धकैदी. १८०६मध्ये दक्षिण आफ्रिकेतली केप वसाहतही याच माणसाला सोडावी लागली होती. दोन वसाहती घालवणारा म्हणून त्याची गणती होते, ती मला अन्यायाची वाटते. हाती काय उरलं होतं ते तो चढ पाहिल्यावर कळतं.

बावेनला उतरून सालातिगाकडे जाणारी बस घ्या. तुंतांग वाटेतच आहे. रावा पेनिंग तळ्यातून निघणारी तुंतांग नदी आधी पाहा, मग १८७३चं स्टेशन. हेरिटेज गाडी सहसा शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी असते, आंबारावाच्या संग्रहालयात गर्दी उसळते. तुंतांगला ती जेमतेम थांबून परत फिरते. नदीकाठी जायचं असेल तर बसच बरी.