स्वच्छ पान बघून निवड केली आणि एक जनुक हरवलं

भाताच्या एका चांगल्या वाणाला कडा करपा, म्हणजे पानं वाळवणारा जिवाणूंचा रोग, अजिबात सोसत नव्हता. त्याच्यात रोगप्रतिकाराची दोन जनुकं आणायची, हे पदव्युत्तर अभ्यासातलं माझं काम होतं. पहिलं एक्सए-21, मूळचं आफ्रिकेतल्या जंगली भातातलं. शास्त्रज्ञांनी ते 1995 साली वेगळं काढलं. दुसरं एक्सए-13. दाता वाणात, म्हणजे ज्यातून जनुकं घ्यायची त्यात, दोन्ही होती.

संकर हातालाच शिकावा लागतो. संध्याकाळी फुलाचं टोक कात्रीनं छाटायचं, चिमट्यानं सहाच्या सहा परागकोष काढायचे, लोंबीला पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी दात्याचे पराग तिच्यावर झटकायचे. एखादा परागकोष राहिला की आईवाणाचंच बी भरतं. पुढे आलेलं संकरित रोप पुन्हा मूळ वाणाशी जोडायचं, म्हणजे बॅकक्रॉस.

पहिल्या बॅकक्रॉसच्या रोपांची पानं मी करप्याच्या जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीनं कापली. पंधरवड्यानं करपलेली लांबी पट्टीनं मोजली. जवळजवळ निम्मी रोपं तग धरून होती! आनंदाच्या भरात त्यातलं सगळ्यात जोमदार रोप पुढच्या संकराला घेतलं. डीएनए तपासणी नंतर करू म्हटलं. पुढच्या पिढीला मार्कर, म्हणजे जनुक आहे की नाही ते दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणा, लावले तेव्हा एक्सए-13 एकाही रोपात नव्हतं. अख्खा हंगाम गेला. त्या रात्री झोप लागली नाही.

एक्सए-21 प्रभावी आहे, त्याची एक प्रत पुरते. एक्सए-13 अप्रभावी, त्याच्या दोन्ही प्रती असल्या तरच ते काम करतं. करप्याचा जिवाणू पेशीत एक प्रथिन सोडतो आणि रोपाचंच एक जनुक चालू करून घेतो. त्यामुळे पेशीतली साखर बाहेर येते आणि त्याचं पोट भरतं. एक्सए-13 हे त्याच जनुकाचं असं रूप आहे, की जिवाणूला ते चालूच करता येत नाही. पण शेजारी जुनी एक प्रत असली तरी त्याचं भागतं. म्हणून बॅकक्रॉसच्या रोपात एक्सए-13 असलं तरी पानावरून कळत नाही. मला दिसत होती ती सगळी एक्सए-21ची करामत. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पण शेतात उभी असताना आठवलं नाही, याची खंत अजून आहे.

पहिल्या बॅकक्रॉसचं थोडं बी शिल्लक होतं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "तिथूनच परत सुरू कर." या वेळी आधी डीएनए, मग कात्री. चारातल्या एका रोपात दोन्ही जनुकं मिळायला हवीत, तशी मिळाली. तिसऱ्या बॅकक्रॉसपर्यंत मूळ वाणाचा वाटा सरासरी 93.75 टक्क्यांवर जातो. मग ते रोप स्वपरागीकरणाला, म्हणजे स्वतःच्याच परागांनी बी धरायला, सोडलं. दोन्ही जनुकं दोन्ही प्रतींत असलेलं रोप सोळात एखादंच; 160 रोपांतून मला 9 सापडली.

कात्रीच्या चाचणीत मूळ वाणाची पानं जवळजवळ पूर्ण वाळली, या नऊंची टोकाशी जेमतेम. दोन रोपं उंच वाढली म्हणून वगळली. उरलेल्या सातांचं बी वेगवेगळ्या पाकिटांत भरून ठेवलंय, पुढच्या हंगामात दाणा आणि उतारा तपासायला.