तेलाची धार आणि पाऊण तासाची चाल

गेले चार महिने मी रोज सकाळी पाऊण तास झपझप चालते. पहिले दोन महिने काटा ७८ किलोवरून जागचा हलला नाही, तेव्हा फार वाईट वाटायचं. चालून आलं की सपाटून भूक लागायची आणि ‘आज चाललेय ना’ म्हणून हात सैल सुटायचा.

मग एके दिवशी भाजीच्या कढईत मी अंदाजाने ओतते तेवढं तेल आधी वाटीत घेऊन वजन केलं. वाटीच्या तळाशी दिसलं इवलंसं, काट्यावर भरलं २७ ग्रॅम. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे जवळजवळ २४०. माझ्या वजनाला पाऊण तासाच्या चालण्यात साधारण तेवढ्याच खर्च होतात! वाटी हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

त्या दिवसापासून तेल चमच्यानेच घेते. उपासमार मात्र नाही. तीही एक आठवडा करून पाहिली होती. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शिवाय नुसतं खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून आठवड्यातून दोनदा वजनं उचलते आणि डाळ, दही, अंडी पोटभर खाते.

काट्यावर आता रविवारीच उभी राहते. शरीरातल्या पाण्यामुळे वजन एका दिवसात किलोभरसुद्धा इकडेतिकडे होतं. गेल्या रविवारी ७४.५ होतं.