तुम्हालाच सांबर कसं दिसतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सागरेश्वरहून परतलेली माणसं मला हमखास विचारतात, "आम्ही अख्खं अभयारण्य फिरलो, एक सांबर दिसलं नाही. तुम्हालाच कसं दिसतं?" अहो, अख्खं फिरलात म्हणूनच दिसलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याजवळचं हे रान जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. बोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं जगवून उभं केलेलं, १९८५ साली अभयारण्य झालेलं. सांबर, चितळ, काळवीट इथं आहेतच. पण तुम्ही पोचायच्या आधी तुमची वर्दी पोचलेली असते.

जुने शिकारी पायी जाताना चालत कमी आणि थांबत जास्त. शिकार १९७२च्या कायद्यानं बंद झाली. ती बंदच राहावी, असं मला मनापासून वाटतं. त्यांची चाल मात्र मी उचलली आहे, नुसतं बघण्यासाठी. ठरलेली पायवाट सोडायची नाही. चार-पाच पावलं टाकायची आणि झाडाच्या खोडाला लागून उभं राहायचं. किती वेळ? कंटाळा येईल त्याच्याही पुढे. एका लयीत पाचोळा वाजला की जनावर ओळखतं, माणूस आला. चरणारं जनावर असं चालतच नाही. ते दोन पावलं टाकतं, थांबतं, कान फिरवतं.

आणि वारा! सांबराच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही. मी चिमूटभर राख सोडून बघतो. वारा तोंडावर येत असेल तरच पुढे जायचं, पाठीवर असेल तर वाट बदलायची. ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते, म्हणून तेव्हा वरच्या अंगानं यावं. संध्याकाळी हवा थंडावून खाली उतरते, तेव्हा खालच्या अंगानं.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो: निळी जीन्स नको, तो रंग हरणांना चटकन कळतो.

बघायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. अख्खं सांबर शोधू नका. रानात सगळं उभं असतं, खोडं, फांद्या, गवत. त्यात आडवी रेघ दिसली की तिथंच नजर ठेवा. ती पाठ असू शकते. झुडपाच्या वर नाही, झुडपाच्या आरपार बघा. कान हलतो, शेपटी झटकली जाते, खालच्या मोकळ्या जागेत चार पाय दिसतात. मग हळूहळू सगळं जनावर उमटतं. त्या क्षणी मोबाईल काढायला हात उचललात की संपलं, कारण उभा माणूस त्याच्या नजरेतून सुटतो, हललेला हात सुटत नाही.

त्यानं पाय आपटला किंवा 'ढाँक' असा मोठा आवाज दिला, तर समजा आपला सुगावा लागला. मग मागे लागू नका. उन्हाळ्यात पाणवठ्यावर आलेलं असेल तर मुळीच नाही. तहानलेलं जनावर आपल्यापायी पाणी न पिता परत जातं.

पुढच्या खेपेला सकाळी फाटक उघडताच जा. दोघंच जा, आणि निम्मी वाट झाली नाही तरी चालेल.